सटन स्टॉपवरच्या भेटी

बोटीवर राहायला लागल्यापासून नातेवाइकांचे प्रश्न ठरून गेलेत. आंघोळीला पाणी कुठून आणता? (बोटीत टाकी आहे, कालव्याकाठी नळ असतात, तिथे भरून घेतो.) थंडीत गारठत नाही का? (कोळशाची शेगडी आहे, कधीकधी तर खिडकी उघडावी लागते.) बोट लागत नाही का गं? (कालव्याला लाटा नसतात हो, आत्या.) आणि मग जरा काळजीच्या सुरात शेवटचा प्रश्न, "पण तुमचा पत्ता काय?"

इथे मात्र माझी गाडी अडते. आमच्या बोटीला कायमचा धक्का नाही. इंग्लंडच्या कालव्यांवर अशा बोटींना १९९५ च्या कायद्याने एक अट घातलेली आहे. एका जागी साधारणपणे सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करायचा नाही, पुढे सरकत राहायचं. त्यामुळे दर पंधरवड्याला दोर सोडायचे, काही मैल पुढे जायचं आणि पुन्हा खुंट्या ठोकायच्या. पत्ता सांगायचाच झाला तर कालव्याचं नाव आणि पुलाचा नंबर. इथे पुलांना नंबर असतात, आणि आम्हा बोटवाल्यांना घर क्रमांकाच्या जागी तेच उपयोगी पडतात.

गेल्या वर्षी होस्टेलच्या मैत्रिणींनी माझ्याकडे यायचं ठरवलं तेव्हा हा पत्त्याचा घोळ चांगलाच रंगला. "अगं, पण सप्टेंबरात तू नक्की कुठे असशील ते सांग ना, तिकिटं काढायचीत!" हे तिघींनी तीन वेळा विचारलं. आणि माझ्या मनात आलं, माझ्याकडे निदान फोन तरी आहे. याच पाण्यावर ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या, ज्यांच्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी आपल्या मित्रमैत्रिणींना कसं गाठलं असेल? हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. गेला हिवाळा मी त्याच्याच मागे घालवला. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मंडळी, लेख जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला आणण्यासाठी कालवा सुरू केला आणि शहरातली कोळशाची किंमत जवळपास निम्म्यावर आली. मग काय, पुढच्या पन्नास-साठ वर्षांत देशभर कालव्यांचं पेव फुटलं. एका घोड्याने पाण्यावरून ओढलेला माल रस्त्यावरच्या गाडीच्या कितीतरी पट जास्त असायचा. मध्य इंग्लंडातले बरेचसे कालवे अरुंद बांधले गेले, म्हणून त्यांवरच्या बोटीही अरुंद. लांबी साधारण ७० फूट आणि रुंदी फक्त ७ फूट! रेल्वेचा डबा यापेक्षा रुंद असतो.

सुरुवातीच्या काळात या बोटींवर काम करणारे पुरुष घरदार असलेले होते. बायकामुलं गावात, बाप बोटीवर. रेल्वे आली आणि चित्र बदललं. १८३० च्या दशकानंतर मालवाहतुकीचे दर पडत गेले, कालव्यांच्या कंपन्या हातघाईवर आल्या, आणि बोटवाल्याला घराचं भाडं आणि मदतनिसाचा पगार दोन्ही परवडेना. मग त्याने घर सोडलं आणि बायको-पोरांना बोटीवर आणलं. भाडं वाचलं आणि बिनपगारी मदतनीस मिळाले. बाई सुकाणूच्या दांड्यावर, पोरगी घोड्यामागे चालतेय, धाकटं पोर छपरावर दोरीने बांधलेलं, म्हणजे पाण्यात पडायला नको.

७० फुटांची बोट म्हटलं की ऐसपैस वाटतं, पण त्यातला बहुतेक भाग मालाचा. माणसांसाठी मागच्या टोकाला दहाएक फुटांची खोली. त्यात चूल, फळी उघडली की टेबल होणारं कपाट, दिवसा भिंतीत मिटणारं अंथरूण. आई-बाप आणि चार-पाच मुलं त्यात. आमची बोट ५७ फुटी आहे आणि ती सगळीच्या सगळी राहायला आहे, तरी आम्हा दोघांची पावसाळी दिवसांत भांडणं होतात. असो.

या लोकांना इंग्रजीत बोटमेन म्हणत. 'बार्जी' म्हटलेलं त्यांना मुळीच आवडायचं नाही. मी माझ्यापुरतं त्यांना बोटकरी म्हणते, शेतकरी-वारकरीच्या चालीवर.

आता मूळ प्रश्न. बोटकरी एकमेकांना भेटायचे कसे?

रोज भेटायचे, असं पटकन म्हणावंसं वाटतं. सगळे त्याच कालव्यावर तर आहेत! पण जरा हिशेब करून बघा. लादलेली बोट ताशी तीनेक मैलांनी चालते. समोरून दुसरी तेवढ्याच वेगाने येतेय. दोन्ही बोटी एकमेकींच्या पूर्ण पलीकडे जायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. आरोळी ऐकू येण्याचं अंतर दोन्हीकडून धरलं तरी मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात बाळ झालं का, म्हाताऱ्याचा खोकला कसा आहे, पुढचा लॉक मोकळा आहे का, एवढं विचारून घ्यायचं. थांबणं शक्य नसायचं, कारण मजुरी खेपेवर आणि टनांवर मिळायची. मागून येणारा आपल्या आधी पोचला तर आधी माल त्याला मिळणार. सख्खी बहीण समोरून गेली तरी हात हलवायचा आणि पुढे निघायचं.

(लॉक म्हणजे काय, हे मागे एकदा सांगितलंय, पण नव्या मंडळींसाठी थोडक्यात. कालवा चढावर न्यायचा तर पाण्याला पायऱ्या कराव्या लागतात. दोन दरवाज्यांच्या हौदात बोट घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून बोट वर किंवा खाली न्यायची. लंडनजवळच्या ब्रेंटफर्डपासून बर्मिंगहॅमपर्यंतच्या १३७ मैलांत असे १६६ लॉक आहेत.)

निरोप मात्र फिरायचे, आणि टपालापेक्षा वेगाने म्हणे. या बोटीने त्या बोटीला सांगायचं, तिने लॉककीपरला, त्याने उद्या येणाऱ्याला. कालव्याकाठच्या घोड्यांच्या वाटेला टोपाथ म्हणतात, म्हणून या निरोपांना 'टोपाथ टेलिग्राफ' असं नाव पडलं. आमच्यातही तो शब्द अजून चालतो. पुढे कुठे पाणी कमी आहे, कुठल्या वळणावर बोट अडकलीय, हे अजूनही समोरून येणाऱ्याकडूनच आधी कळतं. कागदावरचं पत्र आलंच तर वाचता येणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागायचं. म्हणजे खाजगी असं काही उरायचंच नाही. बोटींवरची ती प्रसिद्ध गुलाबांची आणि किल्ल्यांची चित्रं, चकचकीत घासलेलं पितळ, भिंतीवर टांगलेल्या नक्षीच्या बशा ही हौस होतीच. पण बोटीच्या रंगावरून, सजावटीवरून लांबूनच ओळख पटायची, "ही आपल्या माणसांची".

खरी भेट व्हायची ती मात्र थांब्यावर. आणि त्यातला एक मोठा थांबा म्हणजे सटन स्टॉप.

नकाशात तुम्हाला हे नाव सहसा सापडणार नाही. नकाशात आहे हॉक्सबरी जंक्शन, कॉव्हेंट्री शहराच्या उत्तरेला. एकोणिसाव्या शतकात इथल्या लॉकवर सटन आडनावाचं कुटुंब राखणीला होतं, म्हणून बोटकऱ्यांनी जागेला त्यांचंच नाव दिलं. इथे कॉव्हेंट्री कालव्याला ऑक्सफर्ड कालवा मिळतो. गंमत म्हणजे आधी या दोन कालवा कंपन्यांचं टोलवरून इतकं बिनसलेलं होतं की त्यांचे कालवे मैलभर शेजारी शेजारी धावत पुढे लाँगफर्डला मिळायचे. १८०३ मध्ये समेट होऊन जोड हॉक्सबरीला आला. तरीही दोन्ही पाण्यांमध्ये एक बुटकासा लॉक आहेच, जेमतेम काही इंचांचा! कुणाचं पाणी कुणाला फुकट जायला नको. १८३७ चा लोखंडी पूल अजून उभा आहे, आणि त्याच्या समोर ग्रेहाउंड नावाचा पब.

आसपासच्या कोळशाच्या खाणी कॉव्हेंट्री कालव्याला लागून होत्या. लंडन आणि ऑक्सफर्डकडचा कोळसा इथून वळायचा. रिकामी बोट इथे यायची आणि कुठल्या खाणीतून किती कोळसा उचलायचा याची ऑर्डर मिळेपर्यंत थांबायची. कधी एक दिवस, कधी आठवडा. बोटींच्या रांगा लागायच्या. बायका कपडे धुवायच्या, पोरं एकमेकांच्या बोटींवर उड्या मारायची, पुरुष ग्रेहाउंडमध्ये. लग्नं जमायची ती अशाच थांब्यांवर, कारण बोटकऱ्यांची लग्नं बहुतेक बोटकऱ्यांतच व्हायची.

हे वाचताना मला पुण्यातला मजूर अड्डा आठवला. सकाळी सातला घमेली-थाप्या घेऊन उभी असलेली माणसं. त्यांच्यात हसणं-खिदळणं चाललेलं असतं, गावाकडच्या खबरी चाललेल्या असतात, आणि मुकादमाची गाडी आली की क्षणात सगळं थांबतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, काय मजेत आहेत! पण उन्हं वर आली तरी जो अजून गप्पा मारत उभा असतो, त्याचा तो दिवस गेलेला असतो.

सटन स्टॉपचंही तेच होतं. थांबलेल्या दिवसांची मजुरी बहुतेक मिळत नसे, मिळाली तर नावाला. म्हणजे मित्र भेटायचे ते कमाई थांबली की. कामाची चलती असली की कुणी कुणाला दिसत नाही, आणि मंदी आली की सगळे एकत्र. या लोकांबद्दल मी जे जे वाचलं त्यात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. त्यांच्या आनंदाचे आणि ओढगस्तीचे दिवस बऱ्याचदा तेच होते.

बर्फाचं तर विचारूच नका. कालवा गोठला की बर्फ फोडायची खास बोट यायची. वर माणसं ओळीने उभी राहून ती डुलवायची आणि पुढून घोडे ओढायचे. पण कडाक्याची थंडी आठवडेच्या आठवडे टिकली की तीही हरायची. मग जिथे असाल तिथे अडकायचं. शेजारी कोण ते नशीब! अशा वेळी एकाचं पीठ, दुसऱ्याचा कोळसा, असं करून दिवस काढायचे. बोटीत कोळसा भरलेला असला तर तो मालकाचा, पण त्यातली चार ढेकळं चुलीत गेली तर कुणी मोजत नसावं, असा आपला माझा अंदाज.

मुलांच्या शाळेची गोष्टही याच थांबण्याशी बांधलेली आहे. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने आधी वीटभट्ट्यांवरच्या आणि मग बोटींवरच्या मुलांसाठी जोरदार चळवळ केली. १८७७ मध्ये आणि मग १८८४ मध्ये कायदे झाले. बोटींची नोंदणी, एका खोलीत किती माणसं झोपावीत याची मर्यादा, तपासणी आणि मुलांना शाळा. स्मिथने बोटकऱ्यांचं चित्र फार काळंकुट्ट रंगवलं, असं पुढच्या अभ्यासकांनी म्हटलंय. पण मुलं निरक्षर राहत होती हे तर खरंच होतं. फिरत्या पोराला शाळेत बसवणार कसं? १९३० च्या दशकात लंडनच्या पश्चिमेला एका जुन्या बार्जमध्येच बोटीवरच्या मुलांची शाळा भरायची. आई-बापांची बोट ऑर्डरसाठी थांबली की पोर शाळेत. एक दिवस, दोन दिवस. ऑर्डर आली की पाटी तिथेच सोडून निघायचं, पुढचा धडा पुढच्या खेपेला. आपल्याकडे ऊसतोडीच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्यांचीही दुखणी काही फार वेगळी नाहीत.

आता थोडं बायकांबद्दल, कारण आम्ही चौघी तिथे जमलो तेव्हा सगळ्यात जास्त बोलणं याच विषयावर झालं. दुसऱ्या महायुद्धात बोटींवर माणसं कमी पडायला लागली तेव्हा सरकारने बायकांना बोलावलं. सुशिक्षित, शहरी घरांतल्या मुली, त्यांनी आधी कालवा पाहिलाही नसेल. जोडबोट असायची, पुढे इंजिनाची आणि मागे ओढलेली बिनइंजिनाची, तिला बटी म्हणतात. दोन्हींवर मिळून तिघीजणी. लंडनच्या गोदीतून धातू वगैरे माल लादायचा, बर्मिंगहॅमला उतरवायचा, रिकामं कॉव्हेंट्रीच्या खाणींकडे जायचं आणि पन्नासेक टन कोळसा घेऊन लंडनला परत. एका फेरीला साधारण तीन आठवडे. त्यांच्या बिल्ल्यावर 'आय. डब्ल्यू.' अशी अक्षरं होती, म्हणजे इनलँड वॉटरवेज. त्यावरून त्यांना चेष्टेने 'आयडल विमेन' म्हणायला लागले, आळशी बायका! त्यातल्या सुझन वुल्फिट यांनी १९४७ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, आणि एमा स्मिथ यांचं 'मेडन्स ट्रिप' १९४८ मध्ये आलं. दोन्ही मिळाली तर जरूर वाचा.

या मुलींना बोटकरी बायका आधी संशयाने बघत. पॅन्ट घालणाऱ्या, भरभर इंग्रजी बोलणाऱ्या, लॉकमध्ये बोट आडवी घालून सगळ्यांची खोटी करणाऱ्या. पण थांब्यावर शेजारी शेजारी बोटी लागल्या की हळूहळू एकीने दुसरीला दोर कसा टाकायचा ते दाखवलं, कुणी पत्र वाचून दिलं. युद्ध संपलं आणि या मुली घरी परतल्या. त्यांना परतायला घर होतं. बोटकरणी बोटीवरच राहिल्या.

तर आमच्या चौघींचं. आम्ही १९८९ मध्ये पुण्याच्या होस्टेलमधून बाहेर पडलो, त्यानंतर चौघी एकत्र अशा कधीच नाही. लग्नांत दोघी-दोघी, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज. एक नाशिकची, एक बंगळुरूची, एक न्यू जर्सीची. सटन स्टॉपवर त्या बोटीत चढल्या, तिथून ऑक्सफर्ड कालव्याने ब्राउन्स्टनला जायचं, पाच दिवसांचा आरामात प्रवास. नवरा बिचारा समजूतदारपणे लेस्टरला मित्राकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोर सोडणार तोच समोरून येणाऱ्याने सांगितलं, पुढे झाड आडवं पडलंय, कालवा बंद. किती दिवस? दोन, कदाचित तीन.

पहिल्या दिवशी आम्ही पर्यटकांसारख्या वागलो. फोटो, भजी, ग्रेहाउंडमध्ये जेवण, होस्टेलच्या मेसच्या आमटीची आठवण. दुसऱ्या दिवशी पाऊस. बोलायचे ठरलेले विषय संपले. मुलं कुठे असतात, गुडघे कसे आहेत, कोण कुठल्या देशात गेलं, सगळं झालं. बोटीत कुणी कुठे जाऊ शकत नाही, फार तर या टोकाकडून त्या टोकाला. दुपारी चहा करत असताना बंगळुरूची शांतपणे म्हणाली, "मला काढून टाकलंय गं. आठ महिने झाले."

बावीस वर्षांची नोकरी. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. घरी नवऱ्याला ठाऊक, आईला सांगितलेलं नाही. सकाळी नऊला लॅपटॉप उघडून बसते, आई शेजारच्या खोलीत असते म्हणून. रोज आमच्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत होती, सुविचारांना अंगठे दाखवत होती, आणि आम्हाला पत्ता नाही. "सांगणार कसं?" ती म्हणाली. "तुम्ही तिघी कामात. मी सांगणार, तुम्ही 'अगं बाई!' लिहिणार, आणि मग तुमची मीटिंग सुरू होणार."

यावर कुणी काही बोललं नाही. खरंच होतं ते. नाशिकच्या मैत्रिणीने तिच्या हातातून गाळणी घेतली आणि चहा गाळला. मग रात्री दोनपर्यंत बोलत बसलो. उपाय वगैरे काही निघाला नाही. पण आईला कसं सांगायचं याची रंगीत तालीम मात्र आम्ही तीन वेळा केली, आणि तिसऱ्या वेळेला आईचं काम करणारीच रडायला लागली.

एका संध्याकाळी हॉटेलात जेवायला भेटलो असतो तर हे निघालंच नसतं, याची मला खात्री आहे. बोटीत होतो म्हणून निघालं असंही नाही. अडकलो होतो म्हणून निघालं. आणि तरी आमची आणि त्या बोटकऱ्यांची तुलना मी फार ताणणार नाही. आम्ही हौसेने थांबलो होतो, ते पोटासाठी थांबत. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे होती जी माझ्या मैत्रिणीकडे नव्हती. सटन स्टॉपवर कमाई सगळ्यांचीच बंद असायची. आपलं काम गेलंय हे लपवायची कुणावर वेळ यायची नाही, कारण शेजारच्या बोटीचीही फळी रिकामीच दिसायची.

अशा थांबलेल्या बोटीवरूनच पुढचा एक मोठा बदल सुरू झाला, तो सांगायला हवा. टॉम रोल्ट नावाचा इंजिनिअर १९३९ च्या जुलैत नव्या बायकोला घेऊन 'क्रेसी' नावाच्या बोटीवर राहायला गेला. युद्ध आलं आणि बोट वर्षानुवर्षं टार्डेबिगला उभी राहिली. त्याने त्या प्रवासावर लिहिलेलं 'नॅरो बोट' १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचून लंडनच्या रॉबर्ट एकमनने पत्र पाठवलं, १९४५ च्या ऑगस्टमध्ये तो बोटीवर भेटायला आला, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली. दोघांची मैत्री मात्र पाच-सहा वर्षंही टिकली नाही. सगळेच कालवे वाचवायचे की आधी ज्यांवर बोटकरी अजून पोट भरतात ते, हा त्यांच्यातल्या वादाचा एक भाग होता. रोल्टला बोटकऱ्यांची काळजी जास्त. १९५१ मध्ये त्याला संघटनेतून काढलं. कालवे पुढे वाचले, माझ्यासारख्यांची सोय झाली. बोटकरी मात्र नाही वाचले.

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. माल लॉरीवर चालला होता. १९६२ च्या नाताळानंतर थंडी पडली ती १९६३ च्या मार्चपर्यंत हटली नाही. कालवे दोन महिन्यांहून जास्त गोठलेले. गिऱ्हाइकांना कोळसा तर हवाच होता, त्यांनी तो रस्त्याने मागवला आणि पुन्हा पाण्याकडे वळून पाहिलं नाही. त्याच वर्षी सरकारी मंडळाने नॅरोबोटींची आपली वाहतूक जवळजवळ गुंडाळली. शेवटची नियमित लांब पल्ल्याची खेप लंडनजवळच्या साउथॉलच्या एका जॅम कारखान्याला कोळसा नेण्याची. ती १९७० च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली.

बोटकऱ्यांना घरं मिळाली. बऱ्याच बायकांना ती हवीच होती, हे विसरून चालणार नाही. नळाचं पाणी, सरळ उभं राहता येईल असं स्वयंपाकघर, आजारी पोराला डॉक्टर. स्टोक ब्रुएर्न गावात सिस्टर मेरी वॉर्ड नावाच्या बाई वर्षानुवर्षं बोटकऱ्यांवर औषधोपचार करायच्या, त्यांना १९५१ मध्ये सरकारी पदकही मिळालं. एका गावात एक बाई एवढं काम करतेय याचा अर्थ बाकीच्या वाटेवर फारसं कुणी नव्हतं. त्यामुळे 'काय छान जगायचे पूर्वीचे लोक' असं कुणी आमच्या बोटीवर येऊन म्हणालं की मी त्याला त्या दहा फुटांच्या खोलीचा नकाशा काढून दाखवते.

पण घरं मिळाली ती वेगवेगळ्या गावांत. कुणी कॉव्हेंट्रीच्या गिरणी-कारखान्यात लागलं, कुणी लंडनकडे. एका रांगेत बोटी लावणारी कुटुंबं विखुरली. आता त्यांच्याकडे पक्का पत्ता होता, पण वाट बघण्याची सामायिक जागा गेली होती.

आज इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर तीस हजारांहून जास्त बोटी आहेत. कालव्यांच्या भरभराटीच्या काळापेक्षाही जास्त, असं सांगतात. बहुतेक हौशी, काही आमच्यासारख्या राहत्या. दरवर्षी जूनच्या अखेरीस ब्राउन्स्टनला जुन्या मालवाहू बोटींचा मेळा भरतो. टेकडीवरच्या चर्चचा उंच मनोरा लांबून दिसतो. याला कालव्यांचं कॅथेड्रल म्हणतात, कारण कितीतरी बोटकऱ्यांची लग्नं इथे लागली आणि कितीतरी जण इथेच पुरले गेले. मेळ्याला त्या घराण्यांतलेही काही लोक येतात. यंदा मी तिथे दुपारभर उभी होते. साधारण माझ्याच वयाची एक बाई एका जुन्या बोटीच्या खोलीत वाकून बघत होती आणि नातीला सांगत होती, माझी आई इथे जन्मली, बहुतेक याच फळीवर. नातीने बोटीच्या बाजूवर रंगवलेलं नाव मोठ्याने वाचलं, मग कंपनीचं नाव वाचलं, मग नोंदणीचा आकडा वाचला. आजी ऐकत होती. तिची आई हे सगळं आयुष्यभर फक्त रंगावरून ओळखत आली असणार.

पोरगी पुढच्या बोटीकडे पळाली आणि तिथलंही वाचायला लागली.